फक्त आरपीएम बघून इंजिनाची ताकद कळते का? 🛩️

सेसना १७२एसच्या प्रॉपेलरची पाती एकाच कोनात पक्की बसवलेली असतात. थ्रॉटल पुढे ढकलला की आरपीएम वाढतो, म्हणून टॅकोमीटरवरून ताकदीचा अंदाज येतो. कमाल २७०० आरपीएम, १८० अश्वशक्ती.

कॉन्स्टंट स्पीड प्रॉपेलर असेल तर मात्र हा हिशोब चालत नाही. तिथे गव्हर्नर पात्यांचा कोन बदलून आरपीएम कायम राखतो. थ्रॉटल थोडा मागे घेतला तरी काटा जागचा हलत नाही! म्हणून तिथे आणखी एक मीटर लागतं: मॅनिफोल्ड प्रेशर. सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत.

गंमत म्हणजे इंजिन बंद असताना हे मीटर शून्य दाखवत नाही, तर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतं. समुद्रसपाटीला साधारण ३०, पुण्यात २८ च्या आसपास. इंजिन सुरू होऊन आयडलला आलं की काटा उलट खाली घसरतो, कारण थ्रॉटल जवळजवळ बंद आणि पिस्टन हवा ओढतायत. टर्बो नसेल तर चढताना दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होतो.

ताकदीची नेमकी टक्केवारी हवी असेल तर दोन्ही आकडे, उंची आणि तापमान घेऊन त्या विमानाच्या हँडबुकातला तक्ता बघा. एकट्या काट्यावर भिस्त नको.