टर्बो इंजिनाचा बोअर किती ठेवावा?

मोटारींच्या इंजिनांविषयीं आमच्या विद्यार्थ्यांत एक समजूत फार पक्की झालेली दिसते. ती अशी कीं, ज्या इंजिनाचे सिलिंडर रुंद त्याची शक्ति अधिक. म्हणून जुन्या इंजिनाचें काम काढलेंच आहे तर सिलिंडर जितके मोठे कापतां येतील तितके कापून घ्यावेत आणि वर टर्बो बसवावा, म्हणजे दुधांत साखर! ज्या पालकांचे घरीं जीप अथवा ट्रॅक्टर आहे त्यांसही असा सल्ला केव्हां केव्हां ऐकावयास मिळतो. ह्या समजुतीचा पूर्वार्ध खरा आहे. परंतु उत्तरार्धाप्रमाणें वागल्यास चांगला ब्लॉक कायमचा निकामी होण्याचा संभव असतो, आणि नव्या ब्लॉकचा खर्च साधारण कुटुंबास जड जातो. म्हणून ह्या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम शब्दाविषयीं. आमच्या परभणी जिल्ह्यांत बोअर म्हटलें कीं शेतांतील विंधन विहीर डोळ्यांपुढें येते, आणि पहिला प्रश्न 'किती फूट?' असा होतो. इंजिनांत बोअर म्हणजे सिलिंडरचा आंतील व्यास. खोलीशीं त्याचा संबंध नाहीं. पिस्टन, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या जुन्या पुस्तकांतील दट्ट्या, सिलिंडरांत जितकें अंतर वरखालीं जातो त्यास स्ट्रोक म्हणतात. ह्या दोहोंवरून सिलिंडरचें घनफळ ठरतें.

शेतावरच्या पंपाच्या इंजिनाचें उदाहरण घेऊं, कारण तें सर्वांच्या परिचयाचें आहे. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या एव्ही-१ ह्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा बोअर ८० मिलिमीटर व स्ट्रोक ११० मिलिमीटर; टीव्ही-१ ह्या दुसऱ्या इंजिनाचा स्ट्रोक तितकाच, परंतु बोअर ८७.५ मिलिमीटर. बोअर वाढविल्यानें काय होतें हें शिकण्यास ही जोडी जणूं मुद्दाम घडविल्यासारखी आहे. व्यास सुमारें ९ टक्के वाढला. परंतु वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतें, म्हणून पिस्टनच्या माथ्याचें क्षेत्रफळ ५०.३ चौरस सेंटिमीटरवरून ६०.१ वर गेलें, व घनफळ ५५३ घन सेंटिमीटरवरून ६६१ वर. दोन्ही जवळ जवळ २० टक्के वाढलीं. मिनिटास १५०० फेऱ्यांच्या गतीनें पहिलें इंजिन ५ अश्वशक्तीचें, तर दुसरें ७ अश्वशक्तीचें. हिशेबी मुलगा येथें हात वर करील, आणि त्यानें करावाच: घनफळ २० टक्के वाढलें असतां शक्ति ४० टक्के कशी वाढली? उत्तर असें कीं, ही वाढ एकट्या बोअरची नव्हे. हवा दाबण्याचें प्रमाण १६.५ वरून १७.५ झालें, आणि इंधनही अधिक दिलें गेलें. तात्पर्य, ज्या इंजिनांत टर्बो नाहीं तेथेंसुद्धां बोअर हें शक्तीचें एक कारण आहे, एकमेव कारण नव्हे.

आतां टर्बोकडे वळूं. इंजिनाची शक्ति त्याच्या आकारावर अवलंबून नसून त्यांत दर फेरीस किती वजनाची हवा शिरते ह्यावर अवलंबून असते. जितकी हवा तितकेंच इंधन जळूं शकतें. आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं एका युक्तीचें पेटंट घेतलें. धुराबरोबर वायां जाणाऱ्या जोरावर एक चक्र फिरवावें, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकास बसविलेल्या पंख्यानें बाहेरील हवा दाबून इंजिनांत कोंबावी, अशी ती युक्ति. म्हणजे आकार न वाढवितां हवा वाढली!

येथें एक लहानसें गणित विद्यार्थ्यांनीं वहींत करून पाहावें. ८० मिलिमीटरचा सिलिंडर कापून ८१ केला, तर घनफळ अवघें अडीच टक्के वाढतें. उलट, वातावरणाचा दाब सुमारें १ बार असतो. टर्बो त्यावर अर्धा बार अधिक दाब देत असेल, तर एकूण दीड बार झाले. हा जादा दाब ०.५ ऐवजीं ०.६ केला, तर हवेची उष्णता तितकीच राहिल्यास सुमारें साडेसहा टक्के अधिक हवा आंत जाते. मिलिमीटरभर लोखंड कायमचें गमावून जें मिळालें नाहीं, तें दाबाच्या लहानशा वाढीनें मिळालें. अर्थात् हा दाबही फुकट मिळत नाहीं. तो सोसण्यास सिलिंडरच्या भिंती जाड असाव्या लागतात. आणि जें लोखंड आपण कापून टाकतों, तेंच नेमकें तो दाब सोसणारें असतें.

ह्याचा पुरावा आमच्याच राज्यांत तयार झालेल्या एका इंजिनानें दिलेला आहे. पुणें जिल्ह्यांतील रांजणगांव येथें फियाट व टाटा यांच्या संयुक्त कारखान्यांत १२४८ घन सेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें टर्बो डिझेल इंजिन तयार होत असे. त्याचा बोअर अवघा ६९.६ मिलिमीटर व स्ट्रोक ८२ मिलिमीटर होता. आमच्या पंपाच्या इंजिनापेक्षां त्याचा पिस्टन लहान! हें इंजिन कांहीं गाड्यांत ७५ व कांहींत ९० अश्वशक्तीचें मिळे. दोहोंत बोअर तोच, स्ट्रोक तोच. मुख्य फरक टर्बोच्या जातींत होता. २०२० सालीं कडक प्रदूषण-नियम लागूं झाल्यावर नव्या गाड्यांत तें येणें थांबलें, तरी जुन्या गाड्यांतून तें अजून धांवत आहे.

बोअर वाढविल्यानें तोटा कोठें होतो तेंही पाहूं. समजा, दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यबिंदूंतील अंतर ८८ मिलिमीटर आहे. बोअर ८० असतां मधली भिंत ८ मिलिमीटरची राहते. बोअर ८२ केला तर ६ ची. शक्ति वाढली पांच टक्के, आणि भिंत गेली एक चतुर्थांश! ह्याच अरुंद पट्टीवर हेड गॅस्केट बसलेलें असतें. स्फोटाचे वेळीं आंत १०० बार दाब धरला, तर ८० मिलिमीटरच्या पिस्टनवर पांच टनांचा भार पडतो. तितकाच भार हेडला वर उचलूं पाहतो. बोअर वाढला कीं उचलणारा भार वाढतो आणि रोखणारी पट्टी बारीक होते. गॅस्केट वारंवार जाणाऱ्या गाडीचें दुखणें पुष्कळदां ह्यांतच असतें.

पेट्रोल इंजिनांत आणखी एक भय आहे. ठिणगी सहसा मध्यभागीं पडते व ज्योत तेथून कडेकडे जाते. सिलिंडर रुंद असल्यास तिला पोंचण्यास वेळ लागतो. तोंवर कडेचें तापलेलें मिश्रण आपोआप पेटतें व खडखड आवाज होतो. मिस्त्री लोक त्यास नॉकिंग म्हणतात. टर्बोनें दाबलेली हवा मुळांतच गरम, त्यांत आमच्याकडील मे महिन्याची चाळीस अंशांवरील हवा. पिस्टन भाजून निघण्यास आणखी काय पाहिजे?

मग रुंद बोअरचीं इंजिनें कोणी करीतच नाहीं काय? करतात. टर्बोवांचून धांवणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांस मोठे व्हॉल्व्ह व अति वेग लागतो. त्यांस तें योग्य आहे. टर्बो हवा ढकलून देत असल्यामुळें ती निकड उरत नाहीं.

आतां प्रत्यक्ष निवड. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाहीं. वरच्या टोंकाशीं, जेथें पिस्टनच्या रिंगा उलट फिरतात, तेथें झीज अधिक असते. म्हणून बोअर-गेजनें वर, मध्यें व खालीं, आणि प्रत्येक ठिकाणीं दोन दिशांनीं माप घ्यावें. मोठे पिस्टन बहुधा ०.२५, ०.५०, ०.७५ व १ मिलिमीटर अशा पायऱ्यांनीं मिळतात. ज्या पहिल्या पायरीस सिलिंडर स्वच्छ व गोल होतो तीच घ्यावी. उरलेल्या पायऱ्या पुढील दुरुस्तीची शिल्लक होत. बदलतां येणारे लायनर असलेल्या इंजिनास तर कापण्याची गरजच नाहीं. नवा लायनर व नवा पिस्टन घातला कीं मूळ माप परत येतें. दाब वाढवावयाचा असल्यास भिंतीची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्रानें मोजून घ्यावी, कारण ओतकामांत भिंत एके बाजूस पातळ राहिलेली असूं शकते. पालकांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें कंपनीनें दिलेल्या मूळ मापांशीं विसंगत असा फरक गाडींत करतां येत नाहीं.

शेवटचें माप मात्र पिस्टन हातीं आल्यावांचून ठरवूं नये. आधीं प्रत्येक पिस्टन मोजावा, मग त्या त्या सिलिंडरचें अखेरचें घोटकाम करावें. टर्बोखालीं पिस्टन अधिक तापतो व अधिक फुगतो; यास्तव दोहोंमधील फट पिस्टन बनविणाऱ्यानें सांगितली असेल तितकीच ठेवावी, अंदाजानें नव्हे.