रूटविना सर्व्हर

इंटरनेटवर माहिती मांडणारा सर्व्हर चालवायचा तर 1990 च्या दशकाच्या आरंभी स्वतःचा संगणक लागत नसे. संशोधन संस्थेच्या किंवा विद्यापीठाच्या युनिक्स यंत्रावर एक खाते, डिस्कवर थोडी जागा आणि व्यवस्थापकाची संमती एवढ्यावर काम भागे. एकाच यंत्रावर अनेकांची खाती असत. प्रत्येक जण आपापल्या टर्मिनलवरून आत येई. सर्वाधिकार मात्र ‘रूट’ या एकाच खात्याकडे, म्हणजे व्यवस्थापकाकडे असत. सामान्य खातेदाराने सर्व्हर कसा चालवला, हे या मर्यादेमुळे ठरले.

भारतात अशी यंत्रे प्रथम जोडली ती ‘अर्नेट’ने. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 1986 मध्ये हा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) आणि खुद्द विभाग असे त्याचे आठ भागीदार होते. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखालील एनसीएसटीने पवईच्या आयआयटीशी साध्या टेलिफोन लाइनवरून ई-मेलची देवाणघेवाण केली. 1989 मध्ये याच केंद्रातून अमेरिकेतील यूयूनेट या नेटवर्कशी दुवा जुळला. त्याचा वेग सेकंदाला 9,600 बिट, म्हणजे जास्तीत जास्त 1,200 अक्षरे. दोन हजार अक्षरांचे पान त्यावरून दोनेक सेकंदांत येई. साठ हजार बाइटच्या चित्राला जवळजवळ मिनिट लागे, तेही सारी लाइन एकट्याला मिळाली तर. सुरुवातीची माहिती-सेवा मजकुराची होती, त्याचे कारण या आकड्यांत आहे.

मजकुरासाठी सर्वांत सुटसुटीत साधन म्हणजे ‘गोफर’. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1991 मध्ये मार्क मॅकाहिल यांच्या गटाने ते तयार केले. फरहाद अंकलेसरिया हे या गटातील एक. मार्च 1993 मध्ये ‘आरएफसी’ या इंटरनेटच्या नियमपत्रांच्या मालिकेत 1436 या क्रमांकाने त्याचे नियम प्रसिद्ध झाले. ते इतके थोडके आहेत की आजही कौतुक वाटावे. वाचकाचा संगणक जोडणी करून एकच ओळ पाठवतो, सर्व्हर उत्तर देतो आणि जोडणी तोडतो. मेनूच्या प्रत्येक ओळीचे पहिले चिन्ह प्रकार सांगते: 0 म्हणजे मजकुराची फाइल, 1 म्हणजे आणखी एक मेनू, 7 म्हणजे शोध. मग वाचकाला दिसणारे नाव, आणि त्यापुढे टॅब देऊन वेगळे केलेले तीन तपशील: फाइलची खूण, यंत्राचे नाव आणि पोर्ट, म्हणजे त्या यंत्रावरील सेवेचा क्रमांक. यंत्राचे नाव प्रत्येक ओळीत असल्याने मेनूतील एक ओळ मुंबईतल्या यंत्राकडे आणि लगतची ओळ मिनेसोटाकडे नेऊ शके.

गोफरचा ठरलेला पोर्ट 70, वेबचा 80. युनिक्समध्ये 1024 च्या खालचे पोर्ट तेव्हा फक्त रूटला उघडता येत. त्यामुळे सामान्य खातेदार 7070 किंवा 8080 असा वरचा पोर्ट निवडी आणि तो क्रमांक पत्त्यात लिहून देई. सर्व्हरचा प्रोग्राम स्वतःच्या डिरेक्टरीत कंपाइल करायचा, माहितीच्या फाइल इतरांना वाचता येतील अशा परवानग्या द्यायच्या आणि लॉगआउट झाल्यावरही चालू राहावा म्हणून ‘नोहप’ लावून तो पार्श्वभूमीवर सोडायचा. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले की मात्र तो आपोआप उठत नसे. त्यावर ‘क्रॉन’चा उपाय होता: ठरावीक वेळाने सर्व्हर चालू आहे का ते पाहायचे, नसेल तर सुरू करायचा.

खरी जोखीम सुरक्षिततेची होती. सर्व्हरला एकाच डिरेक्टरीत कोंडून ठेवणारी ‘सीएचरूट’ ही सोय रूटशिवाय वापरता येत नसे. चुकीच्या मांडणीमुळे बाहेरच्या वाचकाला यंत्रावरची कोणतीही उघडी फाइल मिळू शके. अनेक यंत्रांवर पासवर्डांची सांकेतिक रूपे तेव्हा सर्वांना वाचता येणाऱ्या फाइलमध्येच असत. एका खातेदाराचा निष्काळजीपणा बाकी सगळ्यांना भोवला असता. व्यवस्थापक अशा खासगी सर्व्हरवर नाखूश असत, ते रास्तच होते.

यावर नेमका तोडगा वेबच्या बाजूने आला. रॉब मॅककूल यांनी इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात 1993 मध्ये लिहिलेल्या सर्व्हरमध्ये ‘युजरडिर’ ही सोय होती. व्यवस्थापकाने पोर्ट 80 वर एकच सर्व्हर चालवायचा आणि खातेदाराने आपल्या होम डिरेक्टरीत ‘पब्लिक_एचटीएमएल’ नावाची डिरेक्टरी करून पाने ठेवायची. पत्त्यात तिरकी रेघ, लाटेसारखे टिल्ड चिन्ह आणि खात्याचे नाव लिहिले की ती पाने जगाला दिसत. ना वेगळा पोर्ट, ना नोहप, ना क्रॉन. वेबच्या प्रसाराचे श्रेय चित्रे दाखवणाऱ्या मोझेक ब्राउझरला दिले जाते. या साध्या सोयीलाही त्यातला मोठा वाटा मिळायला हवा. शिवाय 1993 मध्येच मिनेसोटाने काही वापरांसाठी गोफर सर्व्हरवर शुल्काचा विषय काढला, आणि 30 एप्रिलला वेब जिथे जन्मला त्या सर्न या संस्थेने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांना मुक्त केले. गोफर मागे पडला.

सर्वसामान्य भारतीयांना इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगमच्या सेवेतून, 15 ऑगस्ट 1995 पासून. विद्यार्थ्यांसाठीचे वर्षाला 500 रुपयांचे शेल खाते म्हणजेही सामायिक युनिक्स यंत्रावरचे खातेच: ‘पाइन’मध्ये टपाल, ‘लिंक्स’मध्ये चित्राविना वेब. पण डायल करायचे क्रमांक मोठ्या शहरांत. जामखेड तालुक्यातील खर्ड्याहून जोडणी घ्यायची तर आधी लांब पल्ल्याच्या (एसटीडी) कॉलचे मीटर चालू होई. मराठीची अडचण आणखी निराळी होती. आयएससीआयआय हे भारतीय लिप्यांचे प्रमाण आणि युनिकोडची पहिली आवृत्ती दोन्ही 1991 ची. तरी साध्या टर्मिनलवर देवनागरी उमटत नसे, म्हणून मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहिला जाई.

एनसीएसए सर्व्हरच्या पायावर एप्रिल 1995 मध्ये ‘अपाची’ आला. युजरडिरची सोय त्यात आजही आहे. मूळ मांडणीत ती बंद असते आणि व्यवस्थापकाला ती सुरू करून द्यावी लागते.