दुसऱ्याचा माल मांडणारे दुकानदार

आपल्या फळीवरचं सामान बाजूला ठेवून दुकानदार शेजाऱ्याचा माल गिऱ्हाइकाला कौतुकाने दाखवत बसलाय, असं दृश्य आपल्याकडच्या कुठल्या बाजारपेठेत दिसायचं नाही. एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारात मात्र काही वर्षं हाच रिवाज होता. दिवसाची कामं उरकली की तिथल्या विक्रेत्या संगणकापुढे बसत. कुणाचा मातीचा मग, कुणाची लोकरीची टोपी, कुणाचं लाकडी ठशाचं चित्र अशा परक्या वस्तू हुडकून त्या एका पानावर मांडत. या पानाला ट्रेझरी म्हणत. तिच्यात स्वतःची वस्तू घुसवणं वाईट समजलं जाई. अर्थात हा सगळा खटाटोप परोपकारासाठी चाललेला नव्हता. त्यात स्वार्थ होता आणि तो चांगला डोळस होता.

तो समजून घ्यायचा तर एट्सीचं अर्थकारण पाहावं लागतं. रॉब केलिन, ख्रिस मॅग्वायर आणि हाइम शॉपिक यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात जून २००५ मध्ये हे संकेतस्थळ सुरू केलं. हाताने घडवलेल्या वस्तू, किमान २० वर्षं जुन्या वस्तू आणि हस्तकलेला लागणारं सामान, एवढंच तिथे विकायचं. एक वस्तू चार महिने मांडून ठेवायचे २० सेंट आणि विकली गेली तर साडेतीन टक्के दलाली, असा दर पुढे बरीच वर्षं चालला. जागा इतकी स्वस्त म्हटल्यावर मांडणारे लोटले. जागेला तोटा नव्हता, पण गिऱ्हाइकाची नजर तेवढीच राहिली. खरी टंचाई होती ती या नजरेची.

सुरुवातीच्या काळात शोध घेतला की सर्वांत शेवटी मांडलेली वस्तू सर्वांत वर येई. म्हणून विक्रेत्या तीच वस्तू पुन्हा २० सेंट भरून नव्याने मांडत. थोडा वेळ वर राहायचं, मग इतरांच्या लोंढ्याखाली पुन्हा खाली जायचं. थोडक्यात, दिसणं पैशाने मिळत होतं आणि तेही घटकाभराचं. एट्सीने यावर बरेच गमतीदार उपाय केले. रंगावर बोट ठेवलं की त्या रंगाच्या वस्तू पुढ्यात येत. ‘पाउन्स’ नावाच्या सोयीत अजून एकही विक्री न झालेली दुकानं दाखवली जात. या उपायांपैकी विक्रेत्यांमध्ये सर्वांत जास्त रुजली ती ट्रेझरी.

जुन्या ट्रेझरीत जागा मोजक्याच होत्या. याद्यांची संख्या ३३३ च्या खाली आली की नवी यादी करण्याची मुभा मिळे आणि केलेली यादी दोन-तीन दिवसांत मावळे. आकडा कधी खाली येतो यावर डोळा ठेवून लोक पान पुन्हा पुन्हा ताजं करत बसत. तिकीटबारी उघडायच्या वेळची धडपडच ती. २०१० मध्ये नवी आवृत्ती आली आणि हा कोटा गेला. आता कुणीही, केव्हाही, हव्या तितक्या ट्रेझऱ्या कराव्यात. प्रत्येकीत सोळा वस्तू, चार ओळींत चार-चार.

सोळा वस्तू निवडणं वरवर सोपं वाटतं. समजा एकीने ‘पावसाळी दुपार’ असा विषय धरला. मोहरीच्या रंगाचा मग सापडला, राखाडी नमद्याची पिशवी सापडली, धुकट डोंगरांचं छायाचित्रही मिळालं. पुढची अंगठी सुरेख आहे, पण तिचा फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेला. चौकटीत टाकली की शेजारच्या तिन्ही वस्तू मळकट दिसू लागतात. अंगठी बाद. गडद वस्तू एका बाजूला गोळा झाल्या की पान त्या अंगाला कललेलं वाटतं, म्हणून त्या तिरक्या ओळीत फिरवायच्या. एका दुकानाची एकच वस्तू घ्यायची. पाच डॉलरच्या कार्डाशेजारी दोनशे डॉलरची शाल चालते, पण सगळंच महाग नको. शेवटी नाव द्यायचं, यादी प्रसिद्ध करायची आणि सोळाही जणींना ‘कॉन्वो’, म्हणजे एट्सीच्या आतला निरोप, धाडायचा: तुमची वस्तू माझ्या ट्रेझरीत घेतली आहे, येऊन बघा. एवढं झालं तरी सुटका नाही. मधेच एखादी वस्तू विकली गेली तर त्या जागी दुसरी आणून बसवायची.

या निरोपातच सगळी मेख होती. निरोप मिळालेली विक्रेती धावत येई, आभाराचे दोन शब्द लिही, इतर पंधरा वस्तूंवरही टिचकी मारी आणि जाता जाता मांडणारीच्या दुकानात डोकावे. ट्रेझऱ्यांची क्रमवारी लागे ती ‘हॉटनेस’वर, म्हणजे किती जणांनी पाहिलं, किती टिचक्या पडल्या, किती अभिप्राय आले यावर. क्रमवारीत वर गेलेली यादी आणखी लोकांना दिसे. त्याहून मोठं बक्षीस होतं ते मुखपृष्ठाचं. एट्सीच्या पहिल्या पानावर ‘हाताने निवडलेल्या वस्तू’ म्हणून जे झळके, ते कर्मचारी सभासदांच्या ट्रेझऱ्यांमधून उचलत आणि दिवसातून अनेकदा बदलत. तिथे लागलेल्या वस्तूच्या दुकानात एरवी आठवड्यात फिरकत नसतील एवढी माणसं तासाभरात येऊन जात.

मुखपृष्ठाचा एवढा मोह म्हटल्यावर क्लृप्त्या आल्याच. एट्सीवर विक्रेत्यांचे गट होते, त्यांना ‘टीम’ म्हणत. गावावरून, मालावरून, आवडीनिवडीवरून अशा असंख्य टीम. आज माझ्या यादीत तू, उद्या तुझ्या यादीत मी, असा फेर धरला जाई. नवी यादी झाली की टीममधल्या सगळ्यांनी येऊन टिचक्या मारायच्या आणि अभिप्राय टाकायचे, हा अलिखित नियम. याचीही पुढची पायरी म्हणजे ‘बीएनआर’, खरेदी करा आणि बदला. टीममधली एखादी सभासद यादीतली वस्तू विकत घेई, मग त्या जागी नवी वस्तू बसे आणि खरेदीची साखळी पुढे सरके. आपल्याकडच्या भिशीसारखाच हा प्रकार. पैसा फिरत राहतो, प्रत्येकीची पाळी येते, पण बाहेरून नवा रुपया येत नाही.

ट्रेझरीचं मर्म आणि तिची मर्यादा दोन्ही इथेच सापडतात. यादी बघायला येणाऱ्यांत खरेदीदारांपेक्षा विक्रेत्यांचाच भरणा जास्त. त्यामुळे भेटी वाढत, दुकान आवडल्याची खूण म्हणून मिळणारी बदामं वाढत, पण गल्ला त्या मानाने भरत नसे. शिवाय मुखपृष्ठाला कोणती चित्रं मानवतात हे लोकांनी लवकरच ताडलं: पांढरी किंवा फिकी पार्श्वभूमी, खिडकीतला उजेड, मवाळ रंग. भडक, गिचमिड पण जीव ओतून केलेलं काम तिथवर सहसा पोचत नसे. सुंदर वस्तूपेक्षा सुंदर फोटोची चलती झाली.

तरीही या याद्यांनी एक काम असं केलं जे शोधयंत्राला जमत नाही. शोधायला आधी मागता आलं पाहिजे. एट्सीवर वस्तूला १३ शोधखुणा लावता येतात आणि त्यातली एखादी खूण किंवा वस्तूच्या शीर्षकातले शब्द गिऱ्हाइकाने टाइप केलेल्या शब्दांशी जुळावे लागतात. आता ओहायोतल्या कुणी बाईने ‘गोधडी’ कशाला टाइप करावं? तिला ती वस्तू ठाऊकच नाही. पण जुन्या साड्यांचे थर, त्यावरचे ओळीने घातलेले धावदोरे आणि शेजारी तसाच विटका निळा मग असं एखाद्या चौकटीत दिसलं, तर ती थबकेल. ज्या वस्तूचं नाव गिऱ्हाइकाच्या डोक्यात नाही, ती त्याच्यापुढे आणून ठेवायची तर मधे एक निवडणारा माणूस लागतो. त्याला फक्त नजर हवी.

पुढे बाजार वाढला आणि असा माणूस पुरेनासा झाला. ऑगस्ट २०११ मध्ये एट्सीने शोधाचा नेहमीचा क्रम बदलला. ताज्या वस्तूऐवजी मागणीशी जुळणारी वस्तू वर येऊ लागली आणि २० सेंट भरून वर चढण्याची सोय संपली. २०१४ अखेर तिथे सुमारे १४ लाख सक्रिय विक्रेते आणि जवळपास दोन कोटी सक्रिय खरेदीदार होते. एवढ्या गर्दीला सोळा वस्तूंचं एकच मुखपृष्ठ दाखवून भागणार नव्हतं. ज्याच्या त्याच्या पूर्वीच्या टिचक्या पाहून पहिलं पान ज्याचं त्याला वेगळं दिसू लागलं. मुखपृष्ठाचं बक्षीस गेलं तसा ट्रेझरीतला जीवही गेला. एव्हाना चित्रं गोळा करून मांडण्याची हौस पिंटरेस्ट भागवू लागलं होतं. अखेर एट्सीने ट्रेझरी बंद करून टाकली. आवडत्या वस्तूंचे संग्रह आजही करता येतात, पण ते आपल्यापुरत्या खरेदीच्या यादीसारखे.

एप्रिल २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. दलाली २०१८ मध्ये पाच टक्के झाली, २०२२ मध्ये साडेसहा. त्या वाढीविरुद्ध एप्रिल २०२२ मध्ये हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली. २०२० पासून एट्सी बाहेरच्या संकेतस्थळांवर विक्रेत्यांच्या वस्तूंची जाहिरात करते. त्या जाहिरातीवरून आलेल्या गिऱ्हाइकाने खरेदी केली की रकमेच्या १५ टक्के कापून घेते. ज्यांची वर्षाची उलाढाल दहा हजार डॉलरच्या वर गेली त्यांना १२ टक्के लागतात, पण त्यांना यातून अंग काढून घेता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘गिफ्ट मोड’ आलं: भेट कुणाला द्यायची ते सांगा, यंत्र सुचवेल. एट्सीकडे आजही संपादक आहेत, पण ते पगारी आहेत.

म्हणजे फिरून पैशापाशीच आलो. नव्याने मांडण्याच्या २० सेंटपासून जाहिरातीच्या १५ टक्क्यांपर्यंत दिसण्याची किंमत वाढतच गेली. मधली काही वर्षं तेवढी ही किंमत एका संध्याकाळच्या वेळात चुकवता येत होती. त्या व्यवहारात लबाडी होती, गटबाजी होती, परस्परांची पाठ थोपटणंही भरपूर होतं. पण सोळा वस्तू निवडायला बसलेल्या विक्रेतीला त्याआधी दोनशे वस्तू नीट पाहाव्या लागत. टाका कसा घातलाय, झिलई कुठे उतरलीय, फोटो कुठल्या बाजूने घेतलाय, हे बारकाईने न्याहाळावं लागे आणि त्यातून तिचं स्वतःचं कामही सुधारत असे. जाहिरातीचे १५ टक्के भरणाऱ्या विक्रेतीला दुसऱ्याच्या दुकानात पाऊलही टाकावं लागत नाही.