न्याहारीला दह्याची कुल्फी: काय खरं, काय खोटं

वैशाखात सकाळी आठ वाजताच घामाच्या धारा लागतात आणि मुलं पोह्यांची बशी बाजूला सारतात. अशा वेळी दही आणि आंब्याची घरी गोठवलेली कुल्फी न्याहारीला द्यायला काहीच हरकत नाही. पण तिच्याबद्दलच्या काही समजुती उगाच घाबरवतात, तर काही नको तितकं निर्धास्त करतात.

“गोठवलं की फळातला कस जातो,” असं सर्रास म्हणतात. गोठताना फळातल्या पाण्याचे स्फटिक होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात, म्हणून बाहेर काढल्यावर फोडी लिबलिबीत होतात. बिघडतो तो पोत. क जीवनसत्त्व हळूहळू घटतं, पण त्याला महिने लागतात. चिरून चार दिवस फ्रीजमध्ये ठेवलेल्या फळातही ते घटतच असतं. ऐन हंगामात पिकलेल्या हापूसचा गर गोठवून ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं.

याच्या उलट समज जास्त घातक आहे: फ्रीझरमध्ये जंतू मरतात. उणे 18 अंशांना जंतूंची वाढ थांबते, पण त्यातले बरेच जिवंत राहतात. दह्यातले उपयोगी जिवाणू बऱ्याच प्रमाणात टिकतात तेही यामुळेच. 2013 साली अमेरिकेत दीडशेहून अधिक लोकांना हेपॅटायटिस ए झाला, तो तुर्कस्तानातून आलेल्या गोठवलेल्या डाळिंबाच्या दाण्यांमुळे. तेव्हा फळं नीट धुवा, हात आणि साचे स्वच्छ ठेवा, पाणी घालायचंच तर उकळून गार केलेलं घाला. वीज जाऊन कुल्फी पूर्ण वितळली आणि तासन्‌तास तशीच राहिली, तर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.

साखरेबाबतची फसगत सगळ्यात गोड. “आम्ही साखर नाही, मध घालतो.” जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मध, गूळ आणि फळांचा रससुद्धा साखरेतच धरला जातो, मोठ्या माणसाने दिवसाला साधारण 25 ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिलेलं उत्तम. अख्ख्या फळातली साखर त्यात धरत नाहीत. एक वर्षाखालच्या बाळाला तर मध देऊच नये, गोठवलेलाही नाही, कारण त्यातून बॉट्युलिझम होऊ शकतो. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, त्यामुळे मिश्रण चाखताना बेताचं वाटलं की हात साखरेच्या डब्याकडे जातो. त्याऐवजी सालीवर काळे ठिपके आलेलं केळं, पिकलेला चिकू किंवा सीताफळाचा गर घाला.

साखर कमी केली की कुल्फी बर्फासारखी टणक होते, हे मात्र खरं. साखर पाण्याला सहज गोठू देत नाही. उपाय म्हणजे पाणीच कमी करायचं. दही रात्रभर फडक्यात बांधून फ्रीजमध्ये, खाली भांडं ठेवून निथळत ठेवा. दोन वाट्या घट्ट चक्क्याला एक वाटी आंब्याचा गर घेऊन घोटलं, की चमच्यावरून जाड पट्टीसारखं ओघळणारं मिश्रण तयार होतं. हे बारीक स्फटिकांसह मऊ गोठतं. अननस घालायचा असेल तर आधी शिजवून गार करा. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि दही कडू होतं. गोठवल्याने ते नष्ट होत नाही, शिजवल्याने होतं. कच्च्या पपईचंही तेच.

“सकाळी गार खाल्लं की सर्दी होते,” ही आजीची धास्ती मायेपोटी असते. पण सर्दी विषाणूंमुळे होते, कुल्फीने नव्हे. टॉन्सिल्स काढल्यावर डॉक्टर अनेकदा गार पदार्थच खायला सांगतात.

नाचणी घातली की कॅल्शियमची चिंता मिटली, असंही ऐकू येतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एका कुल्फीत चमचाभर, म्हणजे दहाएक ग्रॅम पीठ जातं, त्यातून पस्तीसच मिळतं. घालायचं तर पीठ शिजवून खीर करूनच घाला. आणि एका कुल्फीवर मुलाला शाळेत धाडू नका, सोबत शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळी किंवा उकडलेलं अंडं द्या.