चोर-अलार्म बसवताय? आधी सुटे भाग ओळखा

बेंगळुरूसारख्या शहरात आज अनेक घरांत पती-पत्नी दोघेही नोकरी करतात. मुले शाळेत, आजी-आजोबा गावी आणि घराला दिवसभर कुलूप. जी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झाली आहेत, त्यांचे घर गणपतीला किंवा दिवाळीला आठ-दहा दिवस बंदच असते. ‘‘जरा लक्ष ठेवा हं,’’ असे शेजाऱ्यांना सांगून निघायचे म्हटले तरी मनातली धाकधूक काही जात नाही. मग कुणीतरी सुचवते, चोर-अलार्म बसवून घ्या.

खोके घरी येते. त्यात मुख्य पेटी म्हणजे पॅनेल असते, भोंगा असतो, भिंतीवर लावायचे सेन्सर असतात. हे सगळे पाहताक्षणी कळते. पण तळाशी एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी सापडते. तिच्यात रंगीत पट्ट्या असलेले, दोन्ही टोकांना तार असलेले तांदळाएवढे चार-सहा तुकडे असतात. हे काय आहे, ते घरात कुणालाच ठाऊक नसते. ‘जास्तीचे दिले असतील’ असे म्हणून पिशवी ड्रॉवरमध्ये जाते आणि घराच्या सुरक्षेतला सर्वांत महत्त्वाचा दुवा तिथेच पडून राहतो.

रंगीत पट्ट्यांचे रहस्य

हे तुकडे म्हणजे रेझिस्टर, विजेच्या प्रवाहाला ठराविक अडथळा करणारे भाग. अलार्मच्या भाषेत त्यांना ‘एंड ऑफ लाइन’ रेझिस्टर म्हणतात, कारण त्यांची जागा तारेच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे सेन्सरपाशी असते.

त्यांचे काम समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. अमेरिकेतील ऑगस्टस पोप यांनी १८५३मध्ये विजेवर चालणाऱ्या चोर-घंटेचे पेटंट घेतले. पुढे एडविन होम्स यांनी ते विकत घेऊन या घंटेचा व्यवसाय उभा केला. दार उघडले की विजेच्या मार्गात बदल व्हायचा आणि घंटा वाजायची. आजचे पॅनेल कितीही आधुनिक दिसले तरी तारेतून जाणाऱ्या प्रवाहातला बदल ओळखणे, हेच त्याचे मूळ काम आहे.

आता समजा, दाराच्या सेन्सरच्या दोन तारा चोराने किंवा रंगकाम करणाऱ्याच्या पत्र्याने एकमेकींना जोडल्या गेल्या. साध्या जोडणीत पॅनेलला वाटते की दार बंदच आहे. मग दार सताड उघडले तरी भोंगा गप्प! रेझिस्टर सेन्सरपाशी असेल तर मात्र पॅनेलला तिन्ही अवस्था वेगळ्या कळतात. ठरलेला अडथळा दिसला तर सारे ठीक, मार्ग तुटला तर दार उघडले किंवा तार कापली आणि अडथळा नाहीसा झाला तर तारा जोडल्या गेल्या.

म्हणूनच हे रेझिस्टर पॅनेलच्या पेटीत लावून मोकळे होणाऱ्या कारागिरापासून सावध राहा. भिंतीवर चढण्याचा त्रास वाचतो, पॅनेलवर हिरवा दिवाही लागतो, पण पुढच्या सगळ्या तारेवरची पाळत मात्र संपते.

रेझिस्टर किती ओहमचा आहे, ते पट्ट्यांवरून कळते. रंगांचा क्रम असा: काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. चार पट्ट्या असतील तर पहिल्या दोन अंक सांगतात, तिसरी पुढे किती शून्ये ते सांगते आणि चौथी, बहुधा सोनेरी, अचूकता दाखवते. हिरवा, निळा, लाल म्हणजे ५६ पुढे दोन शून्ये, अर्थात ५,६०० ओहम. लाल, लाल, लाल म्हणजे २,२०० ओहम. प्रत्येक पॅनेलला वेगळी किंमत लागते, म्हणून एकाचा रेझिस्टर दुसऱ्याला लावू नका.

काचेची नळी आणि पांढरा चेंडू

दाराच्या चौकटीवर बसणाऱ्या सेन्सरमध्ये बोटाच्या पेराएवढी काचेची नळी असते. तिच्यात दोन पातळ धातूच्या पट्ट्या असतात. हा रीड स्विच. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी तो १९३०च्या दशकात तयार केला. दारावरचा लोहचुंबक जवळ आला की पट्ट्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. नळी सुटी मिळाली तर तिची तार काचेच्या अगदी जवळ वाकवू नका, काच तडकते.

खोलीच्या कोपऱ्यात बसणारा पांढरट, फुगीर भिंगाचा सेन्सर म्हणजे पीआयआर. तो काहीही बाहेर सोडत नाही, फक्त माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांतला बदल टिपतो. म्हणून तो खिडकीच्या काचेपलीकडचे पाहू शकत नाही. त्याच्यासमोरून आडवे चालणारा माणूस त्याला चटकन कळतो, सरळ त्याच्याकडे येणारा तितका नाही. भिंगावर पाल किंवा झुरळ फिरले, समोर उन्हाची तिरीप आली, तर उगीचच भोंगा वाजू शकतो. चार वेळा खोटा भोंगा वाजला की पाचव्या वेळी शेजारी दारही उघडत नाहीत, हे लक्षात ठेवा.

पीआयआरच्या आत साधारणपणे तीन जोड्या असतात. १२ व्होल्टची धन-ऋण ही पहिली. अलार्मचा संकेत देणारी दुसरी, तिच्यावर बहुधा एनसी लिहिलेले असते. टॅम्पर असे लिहिलेली तिसरी, कुणी झाकण उघडले तर कळवणारी. ती जोडायला काय गरज, असे म्हणून बरेच जण ती रिकामी सोडतात. पण दिवसा पाहुणा किंवा कामगार म्हणून आलेला कुणी झाकण उघडून भिंगावर टेप लावून गेला, तर ते याच जोडीमुळे कळते.

उलटे लावले की घात

काही भागांना दिशा असते. काळ्या दंडगोल डायोडच्या एका टोकाला पांढरी पट्टी असते. भोंगा चालू करणारा रिले म्हणजे चौकोनी डबी, चालू होताना ‘टक्’ असा आवाज करणारी. तिच्या गुंडाळीवर डायोड लावतात, तेव्हा पट्टीचे टोक धन बाजूला हवे. डायोड नसेल तर रिले बंद होताना उसळणारा झटका जवळच्या ट्रान्झिस्टरचा बळी घेतो.

उभ्या डब्यासारख्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर उणे चिन्हांची पट्टी असते, ती ऋण बाजू. उलटा लावल्यास तो फुटू शकतो. बिस्किटासारखी चपटी निळी किंवा पिवळी चकती विजेच्या मुख्य तारेपाशी दिसली तर ती बहुधा व्हॅरिस्टर असते. विजेचा दाब अचानक वाढला तर ती स्वतः झेलते. तशाच दिसणाऱ्या छोट्या चकतीवर १०४ लिहिलेले असेल, तर तो ०.१ मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर आहे. रूप सारखे, काम अगदी वेगळे.

सर्वांत मोठा धोका रंगांच्या साम्यातून येतो. आपल्याकडे घराच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल तार फेज आणि काळी न्यूट्रल असते. अलार्मच्या केबलमध्येही लाल आणि काळ्याच तारा, पण १२ व्होल्टच्या! म्हणून दोन्ही केबल एकाच पाइपमधून नेऊ नका आणि पॅनेलला २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

एस. पी. रोडवर काय विचाराल?

बेंगळुरू हे इलेक्ट्रॉनिक्सचे जुने माहेर. इथे १९५४मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडची स्थापना झाली. आज सुटा भाग हवा असेल, तर टाउन हॉलजवळचा सदर पत्रप्पा रोड, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला एस. पी. रोड, हा हमखास पत्ता. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आणि पुणेकरांना तपकीर गल्ली, तसाच हा.

पण दुकानात जाऊन ‘ते काळे, तीन पायांचे द्या’ असे सांगितले तर काम होणार नाही. तीन पायांचे काळे भाग शेकडो प्रकारचे असतात. ७८१२ लिहिलेला भाग १२ व्होल्टचा स्थिर दाब देतो, तर बीसी ५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर आहे. त्यामुळे पुढील गोष्टी पाळा.

• कोणतीही तार सोडण्यापूर्वी मोबाइलने फोटो काढा आणि तारेला कागदी चिठ्ठी चिकटवा.

• भागावरचा संपूर्ण क्रमांक भिंगातून वाचून लिहून घ्या. त्याचे माहितीपत्रक नेटवर सहज मिळते.

• जुना भाग सोबत न्या. जळला असला तरी टाकू नका.

• साधा मल्टिमीटर घ्या. रेझिस्टर मंडलातून सोडवूनच मोजा. रीड स्विचजवळ चुंबक नेल्यावर मीटर वाजला आणि दूर नेल्यावर थांबला, तर स्विच चांगला.

• ओळख पटली नाही, तर तो भाग अंदाजाने लावू नका.

पैसे देण्यापूर्वीची परीक्षा

काम झाले की कारागिराला लगेच निरोप देऊ नका. त्याच्याकडून प्रत्येक सेन्सरचे झाकण उघडून घ्या आणि रेझिस्टर आत आहे ना, ते स्वतः पाहा. एका सेन्सरची तार सोडायला सांगा, मग दोन्ही तारा जोडायला सांगा. दोन्ही वेळी पॅनेलने तक्रार केलीच पाहिजे. नंतर मुख्य वीज बंद करा. पॅनेलमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी चांगली असेल, तर भोंगा विजेशिवायही वाजेल. ही बॅटरी कायमची नसते, तीन ते पाच वर्षांत बहुधा बदलावी लागते, म्हणून तिच्यावर तारीख लिहून ठेवा. कारखान्यातून आलेला सांकेतिक क्रमांक त्याच दिवशी बदला.

घरातल्या प्रत्येकाला, अगदी आजींनाही, अलार्म लावणे-बंद करणे शिकवा. रात्री भोंगा वाजला तर एकट्याने पाहायला जाऊ नये, दार लावून ११२ क्रमांकावर फोन करावा, हेही सांगा.

पॅनेलवरचा हिरवा दिवा पाहून घरचे निर्धास्त झोपतात. तो दिवा खरे बोलतो की नाही, हे त्या रंगीत पट्ट्यांच्या इवल्याशा तुकड्यावर अवलंबून असते. ती पिशवी ड्रॉवरमध्ये पडली असेल, तर आजच बाहेर काढा.