हेलिकॉप्टर आहे, पार्ट नाही! समुद्रातल्या बचावाचं गणित समजून घ्या

नांदेड-लातूरहून समुद्र चारशे किलोमीटर लांब. मग समुद्रावरच्या बचाव हेलिकॉप्टरशी आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्या भागातली वेल्डर, फिटर, खानसामा अशी कामं करणारी मुलं रोजीसाठी आखातात जातात, जहाजावर आणि तेल क्षेत्रातही जातात.

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय भागात पी-३०५ हा बार्ज बुडाला. बार्ज आणि वरप्रदा टग मिळून २७४ माणसं होती. १८८ वाचली, ८६ गेली. या शोधात नौदलाच्या जहाजांसोबत सी-किंग, चेतक, ध्रुव ही हेलिकॉप्टरंही उतरली होती.

आता मुद्द्याचं बोलू. नांदेडच्या देगलूर नाक्यावर कुठल्याही मेकॅनिक भाईंना विचारा, पार्ट नसला की गाडी उभी. पण गाडीला जुगाड चालतो, हेलिकॉप्टरला नाही. तिथल्या अनेक पार्टचं आयुष्य तासांत ठरलेलं असतं. तास भरले की पार्ट दिसायला चांगला असला तरी काढायचाच. नवीन पार्टसोबत तो कुठे बनला, किती तास वापरला याचे कागद लागतात. कागद नसेल तर तो पार्ट भंगारच समजा.

त्यात समुद्राची खारी हवा. ती धातू खाते. म्हणून समुद्रावर उडून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवावं लागतं. माणसाला वर ओढणाऱ्या यंत्राची तारही वारंवार तपासतात. एक धागा तुटलेला दिसला तरी तार बदलावी लागते.

पार्ट बाहेरच्या देशाच्या हातात असला की काय होतं? सी-किंग ब्रिटनच्या वेस्टलँड कंपनीचं, पण मूळ डिझाइन अमेरिकेच्या सिकोर्स्कीचं. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लावले, सुट्या भागांची वाट अडली आणि नौदलाची बरीच सी-किंग जमिनीवर बसली.

मग देशी असलं की प्रश्न मिटला का? तसंही नाही. ध्रुव हे बेंगळुरूच्या एचएएलचं. ५ जानेवारी २०२५ ला तटरक्षक दलाचं ध्रुव पोरबंदरला कोसळलं, तिघांचा जीव गेला. तपासात स्वॉशप्लेट तुटल्याचं आढळलं. पायलटची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारा हा भाग. त्यापायी देशभरातली सुमारे ३३० ध्रुव उभी केली गेली. मे २०२५ मध्ये लष्कर आणि हवाई दलाच्या ध्रुवना परवानगी मिळाली, पण समुद्रावर उडणारी त्यानंतरही थांबूनच होती.

हे फक्त समुद्राचं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा-तेरणेला पूर आला तेव्हा लातूर-उस्मानाबाद भागात अडकलेल्यांसाठी बोटींसोबत हेलिकॉप्टरचीही मदत घ्यावी लागली.

म्हणून नवीन हेलिकॉप्टर आल्याची बातमी वाचली की एक सवाल जरूर विचारा: त्यातली आज उडण्याच्या हालतीत किती, आणि पार्ट गोदामात आहेत का?

आणि आपल्या मुलांसाठी एक गोष्ट. हे काम करणाऱ्या हातांची गरज कायम असते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असेल तर विमान देखभाल इंजिनिअरिंगचा रस्ता खुला आहे. फक्त फी भरण्याआधी संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा.