दिल्लीदर्शन करा दक्षिणेकडून उत्तरेकडे

दिल्लीत एक-दोन दिवस हाती असलेला पर्यटक बहुधा प्रथम लाल किल्ला गाठतो. मात्र, या शहराचा इतिहास क्रमाने समजून घ्यायचा असल्यास सुरुवात दक्षिणेकडून करणे श्रेयस्कर ठरते.

मेहरौलीतील कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबुद्दीन ऐबकाने त्याचे बांधकाम सुरू केले. इल्तुतमिशाने ते पुढे नेले. शेजारचा लोहस्तंभ त्याहून जुना, गुप्तकालीन आहे. सुमारे सोळाशे वर्षांनंतरही त्यावर फारसा गंज चढलेला नाही.

तेथून उत्तरेस, निजामुद्दीन परिसरात हुमायूनचा मकबरा आहे. बादशहाच्या पश्चात हाजी बेगमने तो उभारला. ताजमहालाच्या रचनेची बीजे याच वास्तूत आढळतात. १८५७ मध्ये बहादूरशहा जफर येथेच इंग्रजांच्या हाती लागला.

अखेरचा टप्पा लाल किल्ल्याचा. शहाजहानने तो १६३९ ते १६४८ या काळात बांधला. येथील दिवाण-ए-खासशी मराठ्यांच्या इतिहासाचाही संबंध आहे. पानिपतच्या युद्धाच्या काही महिने आधी, १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी या दालनाच्या छताची चांदी काढून वितळवली होती.

या तिन्ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. त्यामुळे सोमवारी दिल्लीत पोहोचणाऱ्यांनी पहिली दोन ठिकाणे त्या दिवशी पाहून किल्ला मंगळवारसाठी राखून ठेवावा.